महाराज आजारी आहेत? अभिनंदन!

समजा तुम्ही जपानच्या हेइआन-क्योच्या, म्हणजे आजच्या क्योतोच्या दरबारात आहात, अकरावं शतक नुकतं उजाडलंय आणि तुम्हाला सत्ता हवी आहे. तर सैन्य-बिन्य जमवण्याच्या फंदात पडू नका. घरात लग्नाच्या मुली आणि गादीवर नाजूक तब्येतीचा सम्राट, एवढं भांडवल पुष्कळ झालं.

गुरू एकच, दरबारातले बडे सरदार फुजिवारा नो मिचिनागा. साहेबांनी थोरली लेक शोशी सम्राट इचिजोला दिली, 1008मध्ये नातू झाला. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, त्यात ही साय गादीवर बसवायच्या लायकीची. पण 1011मध्ये इचिजो गेला आणि गादी मिळाली सान्जोला. हा छत्तीस वर्षांचा, पंचवीस वर्षं युवराज म्हणून ताटकळलेला, म्हणजे स्वतःची मतं असलेला! साहेब त्याचे सख्खे मामा. दुसरी लेक केन्शी त्याच्या पदरात घातलेली, म्हणजे सासरेही तेच.

सान्जोने केन्शीच्या आधीच्या एका बायकोला सम्राज्ञीपद द्यायचं ठरवलं, तर साहेबांनी नेमका त्याच दिवशी केन्शीच्या राजवाड्यातल्या आगमनाचा मुहूर्त काढला. सम्राटाच्या समारंभाला मोजकेच सरदार फिरकले. हे शिकून घ्या. पुढे फार उपयोगी पडतं. 1013मध्ये केन्शी बाळंत झाली, मुलगी झाली. साहेबांचा चेहरा असा पडला की फुजिवारा कुळातल्याच सानेसुकेने ते रोजनिशीत टिपून ठेवलं. या जावयाकडून नातू मिळत नाही म्हटल्यावर त्याची उपयुक्तता संपली.

मग सान्जोचे डोळे अधू झाले. आता देव पाण्यात ठेवून बसा, पण चेहरा काळजीचा ठेवा.

उपचारांत कसर नको. पुढच्या काळात लिहिलेली एक बखर सांगते, वैद्यांनी ऐन कडाक्यातलं गार पाणी डोक्यावर ओतायला सांगितलं. बर्फासारखं पाणी ओतलं, सम्राट थरथर कापला, रंग उडाला. डोळे होते तसेच. वरून पाहिलं तर स्वच्छ, निर्मळ. एखाद्या वेळी पडद्याच्या दोऱ्यासुद्धा दिसायच्या, मग पुन्हा अंधार. केन्शीची ती छोटी मुलगी जवळ आली की तो तिच्या केसांवरून हात फिरवायचा आणि इतके सुंदर केस आपल्याला दिसत नाहीत म्हणून रडायचा. (इथे तुम्हाला गलबलून आलं तर हा धंदा तुमचा नव्हे.)

निदान मात्र वैद्यांवर सोडू नका. भूत हवं. सान्जोच्या बाबतीत कान्सान नावाच्या एका मेलेल्या भिक्षूने कबुली दिली: मी मानेवर बसलोय, पंखांनी डोळे झाकलेत, पंख हलले की याला जरा दिसतं. इतकं नेमकं निदान आजच्या तपासण्यांतही मिळत नाही. भूत निवडताना ज्याच्यावर अन्याय झालाय असं निवडावं, शोधायला फार लांब जावं लागत नाही. युवराज सावारा 785मध्ये हद्दपारीच्या वाटेवर उपाशी मेला. पुढे नवा युवराज आजारी पडला तेव्हा ज्योतिष्यांनी त्याचंच नाव घेतलं, आणि 800मध्ये सावाराला चक्क सम्राटपद बहाल झालं. मेलेल्याला पद देण्यासारखं सुरक्षित काही नाही, तो येऊन बसत नाही.

एक धोका आहे. रोगी बरा होऊ शकतो, तोही भलत्याच्या हातून. 761मध्ये निवृत्त सम्राज्ञी कोकेनला दोक्यो या भिक्षूने बरं केलं. तीन वर्षांत ती पुन्हा गादीवर, गादीवरचा सम्राट आवाजी बेटावर हद्दपार, आणि 769मध्ये दोक्योलाच सम्राट करा अशी देववाणी! ती नंतर फिरवावी लागली, पण घाम फुटलाच.

आणि मरणशय्येवरचा सम्राट तुम्हालाच गादी देऊ लागला तर? नाही म्हणा. 671मध्ये तेन्जीने भाऊ ओआमाला बोलावलं. त्याने विनयाने नकार दिला, मुंडण केलं आणि योशिनोच्या डोंगरात निघून गेला. पुढच्याच वर्षी सैन्य घेऊन परतला आणि पुतण्याकडून गादी घेतली. विनय असा असावा.

सान्जोकडे परत येऊ. 1014 आणि 1015मध्ये राजवाडा जळला. सम्राटाला दिसत नाही, देव कोपलेत, आणखी काय पुरावा हवा? कागदपत्रं वाचायचं काम साहेबांकडे आलं. 1016मध्ये सान्जोने गादी सोडली, आपला मुलगा अत्सुआकिरा युवराज होईल या अटीवर. अट मान्य करा, अट मान्य करायला पैसे पडत नाहीत. युवराजाची वंशपरंपरागत त्सुबोकिरी तलवार तेवढी त्याच्या हाती देऊ नका. 1017मध्ये सान्जो वारला आणि त्याच वर्षी पोराने आपणहून युवराजपद सोडलं. जागा साहेबांच्या धाकट्या नातवाला मिळाली, थोरला सान्जोच्या जागी गादीवर होताच. काढून टाकलेल्या युवराजाला मोठा मान मिळाला आणि साहेबांची आणखी एक लेक. लेकी किती लागतात, याचा अंदाज आला असेल.

1018मध्ये साहेबांनी मेजवानीत कविता म्हटली: हे जग माझंच, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठे काही उणं नाही. त्याच सुमारास सानेसुके भेटायला गेला तर म्हणाले, जवळ बसलास तरी तुझा चेहरा नीट दिसत नाही. सारखी तहान, सारखं पाणी. पण घाबरायचं कारण नव्हतं. नातवाच्या नावाने कारभार पाहण्याचं पद त्यांनी आदल्याच वर्षी मुलाला देऊन टाकलं होतं. राजीनामा मागायचा तरी कशाचा? आणखी नऊ-एक वर्षं, अगदी मरेपर्यंत, सगळे त्यांनाच विचारून वागत होते.