"फुकट कोण करतं एवढं?" – म्हणून हे लिहितेय

परवा रात्रीचे बेल्टेनचे, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या स्वागताच्या अग्नी-सोहळ्याचे, फोटो टाकले तेव्हा वाटलं होतं, लोक आगीबद्दल विचारतील, त्या लाल-निळ्या रंगवलेल्या माणसांबद्दल विचारतील. आज सकाळी एका ग्रुपवर एकाने विचारलं काय, तर "यांना पैसे किती मिळतात? फुकट कोण करतं एवढं?" आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय माझं. कामात लक्ष लागेना, म्हणून लिहून टाकते.

दमडी मिळत नाही. नाचणाऱ्यांना नाही, ढोल बडवणाऱ्यांना नाही, मशाली धरणाऱ्यांना नाही. कुणी दिवसभर दवाखान्यात राबतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी कॉलेजात शिकतंय. कडाक्याच्या थंडीत बागेत जमून सराव करतात, घरी बसून पोशाख शिवतात. आणि ३० एप्रिलच्या रात्री इथे स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्या कॅल्टन हिल या टेकडीवर, जिथे आपण जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून उभे असतो, तिथे ही मंडळी जवळपास उघड्या अंगाला रंग फासून नाचत असतात. हिवाळा संपला, उन्हाळा आला, हे सांगायला. मे क्वीन, म्हणजे उन्हाळ्याची राणी, येते, तिच्याभोवती पांढऱ्या वेशातल्या बायका, तिच्यासोबत ग्रीन मॅन, म्हणजे हिरवाईचा पुरुष. त्याचं हिवाळ्याचं रूप मरतं आणि तो नवा होऊन उठतो. मग मोठी आग पेटते.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनाही नेलं होतं. गुडघे दुखतात, तरी हट्टाने चढल्या. वर गर्दी, पायाखाली ओलं गवत, अंधार. आम्ही उभे होतो तिथे मिरवणुकीच्या वाटेवर एक स्वयंसेवक होता, साठीचा असेल, चमकतं पिवळं जाकीट घातलेला. त्याचं तोंड सगळा वेळ आमच्याकडे, गर्दीकडे. मागून मशाली चालल्यात, ढोल घुमतायत, लोक ओरडतायत, आणि हा पाठ करून उभा. कुणी पुढे झुकलं की हाताने मागे सारतोय, लहान पोरांना पुढे घेतोय. मला राहवलं नाही, विचारलं, "तुम्हाला काहीच दिसत नाही की!" म्हणाला, "ऐकू येतं ना सगळं."

आता सांगा, याला किती पैसे द्यायचे?

गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरून चालणारी पोरं आठवा. ढोलपथकाचे व्हिडिओ सगळे काढतात, दोरी धरणाऱ्याच्या हाताला फोड आलेत हे त्याच्या आईला तेवढं माहीत असतं. आपल्याकडे हे आपण बघत मोठे झालो. मग इथे आल्यावर "फुकट कोण करतं" हा प्रश्न पडतोच कसा? आपल्यापैकी किती जणांच्या बापांनी मंडळासाठी रात्री जागवल्यात!

बरं, तिकीट असतं, मान्य. पण एवढ्या गर्दीसाठी सुरक्षा लागते, प्रथमोपचार लागतात, ते फुकट कुठून येणार? आणि हो, हा सोहळा जसाच्या तसा हजारो वर्षं चालत आलेला नाही, १९८८ साली काही कलावंतांनी तो नव्याने उभा केला. त्यात येणारे सगळे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे जुने निसर्गपूजक धर्म मानणारे, असतात असंही नाही. मग? त्याने काय कमी झालं? उलट मला तर तेच मोठं वाटतं. तुटलेला धागा कुणीतरी हातात घेतला आणि इतकी वर्षं, सरकारी हुकूम नाही, पगार नाही, तरी सोडला नाही. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला टेकडीवर सोहळा झाला नाही. बंद पडायला तेवढं निमित्त पुरलं असतं. नाही पडला.

"जादूटोणा आहे का हा?" असंही एकीने विचारलंय. ताई, सासूबाईंना विचार. मी त्यांना सांगितलं, की पूर्वी या दिवसांत गुरं उन्हाळी कुरणावर न्यायच्या आधी दोन आगींच्या मधून काढायचे. त्यांनी लगेच मान डोलावली, "रोगराई लागू नये म्हणून असणार." बरोब्बर तेच! शेतकऱ्याच्या घरातली बाई, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हणाल्या, "नैवेद्य काय दाखवतात गं?" त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

आग पेटायच्या थोडं आधी त्यांचा गुडघा धरला. उभंच राहवेना. त्या पिवळ्या जाकिटवाल्याने पाहिलं, आपली जागा दुसऱ्या मुलीला दिली आणि आईंचा हात धरून उतरायला लागला. वाट अशी की एकेक पाऊल टॉर्चने दाखवावं लागत होतं. त्यांचे हात गार पडलेत हे कळल्यावर स्वतःचे लोकरी हातमोजे काढून दिले. अंगठ्याशी उसवलेले होते, मशालीच्या तेलाचा वास येत होता त्यांना. आम्ही अर्ध्या वाटेवर असताना वर एकदम आरोळी उठली, आकाश लाल झालं. आग पेटली होती. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आईंच्या पुढच्या पायरीवर टॉर्च धरून होता. मला भरून आलं. आत्ता लिहितानाही येतंय.

हातमोजे त्याला परत द्यायचेच राहिले. नावही विचारलं नाही, टॅक्सीत बसवून लगेच परत वर धावला तो. आज आईंनी ते उसवलेले अंगठे शिवलेत. मी आयोजकांना ईमेल लिहिलाय, त्याच्यापर्यंत पोचले तर बरं.

सकाळी लिहायला बसले तेव्हा त्या प्रश्न विचारणाऱ्याला चार खरमरीत शब्द सुनवायचे होते. आता तेवढा राग राहिला नाही. कदाचित त्याने असं माणूस जवळून पाहिलंच नसेल.

म्हणून एक सांगते. ३१ ऑक्टोबरला यांचाच साविनचा सोहळा असतो, हिवाळा सुरू होताना. स्वयंसेवक लागतातच. मी नाव देणार आहे, गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं काम मिळालं तरी चालेल. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, एकत्रच कळवू. ज्याने तो प्रश्न विचारला त्यालाही मनापासून बोलावते. मुलं लहान असतील तर पाळीने सांभाळू, रात्रीचं पिठलं-भाकरी माझ्याकडे.