पक्ष्यासाठी गाडी कोण थांबवणार?

जुलै-ऑगस्ट आला की माझी फेसबुकची भिंत मसाई माराने भरून जाते. पुण्या-मुंबईचे, नाशिकचे ग्रुप केनियाला गेलेले असतात. सिंह, चित्ता, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे आफ्रिकी हरीण), आणि मधेच एक फिश ईगल. पंजे पुढे काढलेले, पाण्याचे तुषार, मागे हिरवागार काठ. हा फोटो इतक्या जणांकडे इतका सारखा असतो की बदलतो तो फक्त कोपऱ्यातला वॉटरमार्क. त्याबद्दलच जरा बोलायचंय, राग मानू नका.

तो फोटो बहुतेक वेळा नैवाशा तलावावरचा असतो. होडीवाला मासा विकत घेतो. टाकल्यावर बुडू नये म्हणून त्यात पपायरस या पाणवनस्पतीच्या तरंगणाऱ्या देठाचा तुकडा खुपसतो. ऊन तुमच्या पाठीमागे येईल अशी होडी वळवतो, झाडावर बसलेल्या गरुडाकडे बघून शिट्टी घालतो, तुम्हाला 'रेडी?' विचारतो आणि मासा फेकतो. गरुडाला ती शिट्टी पाठ असते. तो येतो, बरोबर तिथेच येतो. हल्लीचे कॅमेरे डोळ्यावर फोकस धरून सेकंदाला वीस फ्रेम काढतात, त्यामुळे फोटो चुकवायलाच कौशल्य लागतं. होडीवाल्याचं घर त्यावर चालतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण आहे ते फोटोखाली लिहिलेल्या 'वाइल्ड ॲक्शन'शी. 'मासा टाकून काढलेला फोटो' एवढं लिहायला काय जातं आपलं?

आणि गंमत बघा, अख्ख्या सहलीत ग्रुप ज्या एका पक्ष्यासाठी मनापासून थांबतो, तो नेमका बोलावून आणलेला असतो. केनियात पक्ष्यांच्या अकराशेच्या आसपास जाती आहेत, एकट्या मारात साडेचारशेहून जास्त. त्या सगळ्या खिडकीतून मागे पळतात. गाडीत सहा जण, त्यातल्या पाच जणांना बिबट्या हवा. रेडिओवर 'चुई', म्हणजे स्वाहिलीत बिबट्या, ऐकू आलं की ड्रायव्हर गाडी पिटाळतो आणि तुमचा बी-ईटर, म्हणजे वेड्या राघूचा भाऊबंद, धुळीत जातो. ड्रायव्हरला दोष देऊ नका. त्यांच्यातले कितीतरी जण पक्ष्यांचे दर्दी आहेत, नुसत्या आवाजावरून जात सांगतात. पण पाहुण्यांच्या तोंडून 'पक्षीच आहे ना, चला पुढे' हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते दाखवायचंच सोडून देतात. पहिल्या सकाळी निघतानाच सांगा, आम्हाला पक्षी हवेत, अगदी साधे तपकिरी पिपिटसुद्धा. माणूस कसा खुलतो बघा.

आता थोडं कामाचं. सगळ्यांना छत उघडून उभं राहायचं असतं. सिंहासाठी ठीक आहे. पण झुडपावर बसलेला लायलॅक-ब्रेस्टेड रोलर, म्हणजे आपल्या नीलपंखाचा चुलतभाऊ, छतावरून टिपला की मागे नुसती माती येते आणि पक्षी खालून वर बघणाऱ्या पोरासारखा दिसतो. खाली बसा, खिडकीत बीन बॅग टाका, इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर 600 एमएमच्या लेन्सला पुरते. मारात गाडीतून उतरायची परवानगी नसते, आणि तेच बरं आहे. जनावरांप्रमाणेच पक्षीही गाडीला सरावलेले असतात. माणूस खाली उतरला की उडतील, गाडीतून मात्र दहा-पंधरा फुटांवर बसू देतात. आपल्याकडे त्यासाठी लपण बांधून तासन् तास घामाघूम व्हावं लागतं.

रोलर किडा टिपायला खाली झेपावतो आणि बऱ्याचदा त्याच फांदीवर परत येतो. म्हणून पहिली झेप हुकली तर हळहळू नका, फांदीवर फोकस ठेवून बसा. वारा कुठून येतो ते बघा, पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो. शटर 1/2500 च्या पुढे. पंखांचा तो निळा रंग उडतानाच खरा उघडतो, बसलेला रोलर अर्धाच रोलर.

एवढ्यासाठी वीस मिनिटं लागतात, आणि ती कोणी देत नाही. वर विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, सकाळचं कोवळं ऊन बघता बघता संपतं. नऊनंतर माळावर हवा थरथरू लागते, मग लांबच्या पक्ष्याचा फोटो दीड लाखाच्या लेन्सनेही मऊच येतो. हे माहीत नसल्यामुळे सर्व्हिस सेंटरला लेन्स नेऊन देणारे लोक मी पाहिलेत.

आता खरं जिथे दुखतं ते. कोरी बस्टर्ड. आफ्रिकेतला उडू शकणारा सगळ्यात जड पक्षी, मोठा नर अठरा किलोपर्यंत भरतो. माराच्या गवतात तो गाडीशेजारून रमतगमत चालत जातो, एकेक पाऊल तोलून टाकत. विणीच्या दिवसांत नर मान फुगवतो, शेपटी पाठीवर उलटी घेतो आणि खालची पांढरी पिसं दूरवरून लख्ख दिसतात. हा आपल्या माळढोकाचा सख्खा नातेवाईक, एकाच कुळातला. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, आणि आता तिथे एक जरी दिसला तरी पेपरात बातमी येते, तो. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाने कोरीसमोरून गाडी तशीच पुढे न्यावी? मला हे समजतच नाही. माळावर माळढोकासारखा पक्षी चालताना कसा दिसतो हे आपल्या पिढीला बघायचं असेल तर आता तिथेच जावं लागतं.

गिधाडांचंही तेच. नदीपाशी पन्नास गाड्या विल्डबीस्टच्या उड्यांसाठी तिष्ठत उभ्या असतात. दरवर्षी सरासरी सहा हजारांहून जास्त विल्डबीस्ट मारा नदीत बुडून मरतात, त्या मेजवानीवर उतरणाऱ्या गिधाडांकडे मात्र कॅमेरा वळत नाही. पाय खाली सोडून, पंख पूर्ण फाकून उतरणारं रुपेल्स गिधाड बघा एकदा. हीच ती जात, जिची 1973 मध्ये आयव्हरी कोस्टवर सदतीस हजार फुटांवर विमानाशी टक्कर झाली होती. आपली गिधाडं गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गेली, तिथली विषाने जातायत. सिंहाने गुरं मारली म्हणून मढ्यात विष घालतात, आणि गिधाडांच्या घिरट्यांवरून वनरक्षकांना जागा कळू नये म्हणून शिकारीसुद्धा घालतात. 2019 मध्ये बोट्स्वानात एका झटक्यात पाचशेहून जास्त गिधाडं मेली. रुपेल्स 2015 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. 'कुरूप आहे' म्हणून ज्याचा फोटो काढत नाही, तो पक्षी पुढच्या खेपेला असेलच असं नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर बिग फाइव्हच्या (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) ग्रुपमध्ये जागा घेऊच नका. तीन-चार पक्षीवेडे गोळा करा आणि वेगळी गाडी घ्या. खर्च वाढतो, मान्य. मग दिवस कमी करा, पण गाडी आपली ठेवा. आणि जुलै-ऑगस्टचा हट्ट सोडा. नोव्हेंबर-डिसेंबरात युरोप-आशियातले पाहुणे तिथे उतरलेले असतात, पाऊस झाल्यामुळे धूळ बसलेली असते, गर्दी नसते, दरही उतरलेले असतात. नागालँडहून निघून आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र पार करणारे अमूर ससाणे त्याच सुमारास केनियातल्याच त्सावो अभयारण्याच्या आकाशात असतात.

यंदा तेव्हाच जायचा विचार आहे. गाडीत चार जागा, त्यातली एक माझी, खिडकीची. उरलेल्या तिघांसाठी एकच अट, रेडिओवर 'चुई' ऐकू आलं तरी गाडी हलणार नाही. चालत असेल तर इनबॉक्समध्ये या.