कुत्रं आत की बाहेर?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या कुत्र्यांवरून रणकंदन चाललंय. काडी मीच टाकली. लेकीच्या इथल्या, इंग्लंडमधल्या शाळेत जीसीएसईच्या (इथली दहावीच म्हणा) दिवसांत थेरपी डॉग, म्हणजे पोरांचा ताण हलका करायला आणलेलं कुत्रं, येतो; त्याचा फोटो मी हौसेने टाकला. आतेभाऊ दादाचं उत्तर लगेच आलं: "थेरपी कसली, गोऱ्यांची थेरं आहेत ही! आम्ही छड्या खाल्ल्या आणि पास झालो." मागोमाग काकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाची बातमी डकवली. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं इथली भटकी कुत्री हलवा, आणि पुन्हा तिथे सोडू नका. आम्ही बाहेर काढतोय आणि तुम्ही आत घेताय, असं वर. खाली हसऱ्या तोंडांची रांग.

काकांचं चुकलं असं नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मिरजेत क्लासहून येताना सायकलमागे लागणारं टोळकं मीही विसरलेले नाही. इंग्लंडमधल्या कुत्र्यांतला रेबीज १९२२ मध्येच संपला. इथे मोकाट कुत्रं दिसलं की कौन्सिलचा माणूस येऊन चिप तपासतो. इथे बसून भूतदया शिकवायला काय जातंय, हे कळतं मला. पण म्हणून कचराकुंडीपाशी गुरगुरणारं कुत्रं आणि शाळेच्या लायब्ररीत येणारं कुत्रं एकाच काठीने हाकायचं?

हे लायब्ररीतलं काळं लॅब्रडॉर आपल्या पायांनी येत नाही. 'पेट्स अ‍ॅज थेरपी' ही इथली संस्था १९८३ पासून हेच काम करते. कुत्र्याची आधी परीक्षा होते: अनोळखी माणसाने अंगावरून हात फिरवला तर कसं वागतं, अचानक मोठा आवाज झाला तर बिथरतं का, खाऊ हळू घेतं की हिसकावतं. त्याला घेऊन येतात ते मालकच, आणि फुकट. आमच्याकडे एक निवृत्त बसड्रायव्हर येतात. पिशवीत चटई, पाण्याचं भांडं, पोरांसाठी सॅनिटायझर. इयर सेव्हनमधला, म्हणजे अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा, वर्गात तोंड न उघडणारा, त्या कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवत होता. शब्द अडला की थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. चित्र आलं की पुस्तक फिरवून कुत्र्याच्या नाकासमोर धरायचा. कुत्र्याने मोठी जांभई दिली. तरी गडी वाचतच राहिला.

दादाच्या छड्यांचं म्हणाल, तर छड्या खाऊन निभावले ते ग्रुपवर आहेत. त्याच वर्गातले जे खचले, त्यांचं कोण बोलणार? २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सरकारी आकडा आहे हा. राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. याच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. ती बातमी नाही कुणी डकवली ग्रुपवर. आणि कुत्र्यांच्या मदतीने थेरपी करणारी अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन तर मुंबईतलीच संस्था, तेव्हा "गोऱ्यांची थेरं" हेही पुरतं खरं नाही.

इथे कॅम्जच्या, म्हणजे मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या, यादीत पोरं महिनोन्महिने ताटकळतात आणि तोवर शाळा कुत्र्यावर भागवते, हे मी ग्रुपवर बोलले नाही. विरुद्ध पार्टीला दारूगोळा मी का पुरवावा?

गंमत म्हणजे शाळेत मी नेमकी उलट भांडते. कुत्र्यासाठीचा संमतीचा फॉर्म आला तेव्हा सेंको बाईंनी फार मऊ आवाजात विचारलं, तुमच्या संस्कृतीत चालत नसेल तर लेकीला दुसऱ्या खोलीत बसवू का? माझं डोकंच फिरलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं, भैरवाचं तर वाहनच कुत्रं, असं सगळं पुराण मी त्यांना ऐकवलं. बिचाऱ्या लिहून घेत होत्या. आजी भाकरीचा तुकडा उंबऱ्याबाहेरच टाकायची आणि कुत्र्याने आत पाय ठेवला की चप्पल भिरकावायची, एवढं मात्र गाळलं. माझ्या सोफ्यावरही कुत्रं चालणार नाही मला, खरं सांगायचं तर. लेक दोन वर्षं मागे लागली आहे.

मिरजेच्या ग्रुपवर मी इंग्लंडची वकील आणि इंग्लंडात मिरजेची. फी कुणीच देत नाही. काका "तुमच्याकडे" म्हणतात तेव्हा झोंबतं, आणि सेंको बाई "तुमच्याकडे" म्हणतात तेव्हाही झोंबतं. कुणी "आपल्याकडे" म्हटलं तर नेमकं कुठलं गाव डोळ्यांपुढे येईल, ते हल्ली मलाही सांगता येत नाही.

काल शेवटी ग्रुपवर सरळच विचारलं, कुत्रं राहू दे, तुमच्या पोरांच्या शाळेत समुपदेशक आहे का? बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग दादाचं उत्तर आलं. त्याचा धाकटा यंदा दहावीला आहे.

"आहे की. पीटीचे सरच बघतात ते."