पोटातलं पाणी 'नुसतं पाणी' नसतं हो

परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पोटात होतं ते नुसतं पाणी असतं, पाणी पिणं आणि मीठ कमी केलं की उतरतं, आणि सुई लावून काढू देऊ नका, त्याने कॅन्सर पसरतो म्हणे. मी सायटॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे पेशी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, हे पाणी रोज हातात येतं, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं, 'नुसतं पाणी'. बाटलीत ते पिवळसर, कधी लालसर गढूळ असतं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाशी साका बसतो आणि त्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की कॅन्सरच्या पेशींचे गोळेच्या गोळे दिसतात, एकमेकींना घट्ट चिकटलेले. एरवी पेशी आपल्या जागेवरून सुटली की मरते, पण ह्या गोळ्यात त्या एकमेकींच्या आधाराने तग धरतात आणि केमोलाही सुट्या पेशींपेक्षा कमी दाद देतात. वर ते पाणीच त्यांना पोसतं, त्यात एलपीए नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, आयएल-६ सारखे प्रोटीनचे सिग्नल असतात, त्यांच्यामुळे पेशींची वाढ होते, त्या जगतात आणि हलतात. श्वासाबरोबर डायाफ्राम वरखाली होतो तसं पाणी पोटभर फिरतं आणि पेशी ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर जाऊन बसतात, तिथली चरबी त्यांना आयतं इंधन.

मीठ-पाण्याचं म्हणाल तर ते लिव्हर सिरॉसिसचं पथ्य इकडे चिकटवलंय. इथे गाठी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात, त्याने रक्तवाहिन्या झिरपायला लागतात (हा गुण 1983 मध्ये गिनीपिगच्या ट्यूमरवर काम करताना सापडला होता), शिवाय पाणी परत शोषणाऱ्या लसिकावाहिन्या पेशींनी तुंबतात. तोंडाने पाणी कमी प्यायलं म्हणून हे थांबत नाही, उलट पेशंट कोरडा पडतो.

आता सुई. इथे भीती अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट सांगते. गाठ अजून ओव्हरीच्या आतच बंद असेल आणि कॅन्सरचा संशय असेल तर तिला सुई टोचणं टाळतात, कारण फुटून आतलं सांडलं तर स्टेज वाढते, 2014 च्या फिगो स्टेजिंगमध्ये (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची टप्पे ठरवायची पद्धत) ऑपरेशनमध्ये सांडलं तर आयसी1, म्हणजे पहिल्या टप्प्यातलाच एक वरचा उपगट धरतात. पण पोटात पाणी मोकळं फिरतंय आणि त्यात पेशी आहेतच, तिथे सुई नवीन काय पसरवणार? सुईच्या जागी गाठ येणं फार क्वचित. आणि पोट ताठ झालेल्या बाईला धड आडवं होता येत नाही, दोन घास खाल्ले की पोट भरतं, पाणी काढल्यावर ती मोकळा श्वास घेते. ह्या मेसेजपायी कुणी तिला तसंच ताटकळत ठेवू नका, कळकळीने सांगतेय.

पाणी काढलं म्हणजे आजार गेला असंही नाही, केमो लागू पडेपर्यंत ते परत भरतं, आणि प्रत्येक वेळी प्रोटीनही जातं.

आणि हो, पहिल्यांदा काढलेलं पाणी तपासायला पाठवलंय ना ते विचारा. रिपोर्टमध्ये पेशी दिसल्या नाहीत तरी कॅन्सर नाहीच असं होत नाही, पुढच्या तपासण्या सोडू नका.