प्रवाळ सावरतं, पण किती दिवसांत?

“ग्रेट बॅरियर रीफ मरतेय म्हणणारे तोंडघशी पडले. 2022 मध्ये तिथे 36 वर्षांतलं सर्वाधिक प्रवाळ होतं. पांढरं पडणं नैसर्गिक आहे. प्रवाळ जुनं शैवाल टाकून उष्णता सोसणारं नवं शैवाल घेतं.” हा मजकूर बराच काळ फिरतो आहे. मालवणला स्नॉर्केलिंग करून आलेल्या मित्राने परवा तो मलाही पाठवला. त्यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, म्हणून तर तो लोकांना पटतो.

आधी तो आकडा. ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेची नोंद खरी आहे, पण ती या प्रचंड ऑस्ट्रेलियन प्रवाळभित्तीच्या उत्तर आणि मध्य भागापुरती. तिथे तळाचा अनुक्रमे 36 आणि 33 टक्के भाग जिवंत कठीण प्रवाळाने व्यापला होता. दक्षिणेत त्याच वर्षी घट होती. शिवाय ही वाढ मुख्यतः अ‍ॅक्रोपोराची. हे प्रवाळ भराभर वाढतं, पण वादळात आणि उष्णतेत पहिला बळीही त्याचाच जातो. 2023-24 मध्ये समुद्र तापला, जोडीला चक्रीवादळंही आली. त्याच संस्थेच्या 2025 च्या अहवालात उत्तर भाग 39.8 वरून 30 टक्क्यांवर आणि दक्षिण भाग 38.9 वरून 26.9 टक्क्यांवर आला. फिरणारा मजकूर मात्र 2022 पाशीच थांबला आहे.

पांढरं प्रवाळ मेलेलं नसतं, हे मान्य. पण ते उपाशी असतं. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं, चौरस सेंटीमीटरला दहा लाखांच्या घरात. प्रवाळ त्याला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन देतं. शैवाल उन्हावर साखर बनवून प्रवाळाची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागवतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होऊ लागतात. ज्याने पोसलं तेच आता जाळू लागतं, म्हणून प्रवाळ त्याला बाहेर काढतं. रंग गेला म्हणजे अन्न गेलं. समुद्रफुलांचंही (सी अ‍ॅनिमोन) तेच, त्यांच्यातही असंच शैवाल राहतं. 2016 मध्ये ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर समुद्रफुलं पांढरी पडली. त्यांत राहणाऱ्या क्लाउनफिशची प्रजननक्षमता 73 टक्क्यांनी घटली. समुद्रफुलं जिवंत होती, तरीही.

आता शैवाल बदलण्याबद्दल. ही कल्पना 1993 मध्ये बडेमायर आणि फॉटिन या शास्त्रज्ञांनी मांडली, आणि तिच्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या मॅग्नेटिक बेटाजवळच्या अ‍ॅक्रोपोरात ड्युरुस्डिनियम हे शैवाल प्रबळ झालं, तेव्हा त्याची सहनशक्ती 1 ते 1.5 अंशाने वाढली. पण तिथल्याच कोवळ्या प्रवाळांत नेहमीचं शैवाल असलेली प्रवाळं ड्युरुस्डिनियमवाल्यांपेक्षा दोन ते तीन पट वेगाने वाढली. म्हणजे तग धरायची किंमत वाढीतून मोजावी लागते. शिवाय अनेक जाती जोडीदार सहजासहजी बदलतही नाहीत.

आणि या सगळ्याला वेळ लागतो. अगदी भराभर वाढणाऱ्या प्रवाळालाही पुरतं सावरायला दहाएक वर्षं लागतात. जगभरच्या प्रवाळभित्तींवर 1980 च्या सुमारास गंभीर विरंजन, म्हणजे हे पांढरं पडणं, 25-30 वर्षांतून एकदा व्हायचं, 2016 पर्यंत ते सहा वर्षांतून एकदा होऊ लागलं. ग्रेट बॅरियर रीफवर ते 2016, 2017, 2020, 2022, 2024 आणि 2025 मध्ये झालं. मित्राला उत्तर म्हणून मी ही सहा सालं पाठवली.