तीन लाखांची रायफल आणि सातवीतली मुलगी

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज बरेच महिने फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मुलाला रायफल शूटिंगला घालायचं असेल तर पहिल्या दिवसापासून भारीतली जर्मन रायफलच घ्या, तीन लाख गेले तरी चालतील. स्वस्त रायफलीने नेम बसत नाही, हात बिघडतो. ऑलिंपिकवाले हीच वापरतात. आणि एकदा पैसे घातले की आयुष्यभर बघायला नको.

मी रेंजवर सकाळची बॅच घेते. एका आईने या मेसेजवर विसंबून पाटल्या गहाण ठेवायची तयारी केली होती, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात नेमापासून करू. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीचे वडील आले. "मॅडम, क्लबची रायफल जुनी झालीय, म्हणून हिला दहापैकी आठ-नऊच गुण पडतात." मी वाद घातला नाही. तीच रायफल फडकं गुंडाळून व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळली आणि १० मीटरवरच्या कागदावर दहा पॅलेट, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, मारले. दहाही एकमेकांत घुसले आणि एकच भोक पडलं, शर्टाच्या बटणाखाली झाकलं जाईल एवढं. मग मुलीने उभं राहून दहा मारले. ते दोन रुपयांच्या नाण्याखालीही मावेनात. वडील दोन्ही कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिले.

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. पॅलेट ४.५ मिलिमीटरचं. त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे पॅलेटचा मध्य केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडला की झालं. सामन्यांसाठी बनवलेली आणि नीट निगा राखलेली रायफल, मग ती दहा-पंधरा वर्षं जुनी का असेना, एवढं काम चोख करते. शिशाचं मऊ पॅलेट सेकंदाला साधारण १७० मीटरने जातं, त्याने नळी सहजासहजी झिजत नाही. बारा वर्षांच्या मुलाचे आठ-नऊ पडतात ते पाय हलतात म्हणून, ट्रिगर ओढताना श्वास चुकतो म्हणून, गोळी सुटताच डोकं उचललं जातं म्हणून. यातलं काहीही तीन लाखांत दुरुस्त होत नाही.

मग वरचे पैसे जातात कशात? बऱ्याच अंशी स्टॉकमध्ये, म्हणजे नळी जिच्यावर बसते आणि जी खांद्याला टेकते त्या चौकटीत. एकाच कंपनीच्या साध्या लाकडी आणि महाग अॅल्युमिनियमच्या मॉडेलमध्ये नळी आणि आतली यंत्रणा बहुतेक वेळा सारखीच असते. महाग मॉडेलमध्ये चीक पीस (गाल टेकायचा भाग), बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), ग्रिप (मूठ) असं सगळं मिलिमीटरने पुढे-मागे, वर-खाली, तिरकं करता येतं. ही सोय खरी आहे आणि मोलाचीही आहे, पण ज्याचा स्टान्स, म्हणजे उभं राहायची ढब, पक्का झालाय त्याच्यासाठी. ज्याचा स्टान्स दर आठवड्याला बदलतोय तो हे स्क्रू फिरवत बसतो. नेम चुकला की आधी स्क्रूकडे हात जातो, आणि ती खोड मोडायला मला सहा-सहा महिने लागलेत.

"हात बिघडतो" हे मात्र अर्धं खरं आहे, ते कबूल करते. बाजारात मिळणारी स्प्रिंगची बंदूक घेऊन मूल सामन्याची तयारी करत असेल तर ते थांबवा. तिचा धक्का आणि जड ट्रिगर यांमुळे गोळी सुटायच्या आधीच अंग आखडायची सवय लागते. पण त्यावर उतारा म्हणजे नवी कोरी जर्मन रायफल नव्हे. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, सामन्याच्या दर्जाची साधी किंवा वापरलेली रायफल पुरते. क्लबची मिळत असेल तर उत्तमच.

ऑलिंपिकवाल्यांचं म्हणाल तर त्यांना ती लागते, आणि का लागते ते आकड्यात दिसतं. २०२४ च्या पॅरिसमध्ये पुरुषांच्या १० मीटर पात्रता फेरीत अर्जुन बबुता ६३०.१ गुणांवर सातवा आला आणि अंतिम फेरीत गेला. संदीप सिंग ६२९.३ वर बारावा, म्हणजे बाहेर. ६० गोळ्यांत मिळून ०.८ गुणाचा फरक. तिथे गुण दशांशात मोजतात, दहाच्या आतही १०.९ पर्यंत. ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर, तेव्हा हा सगळा फरक २ मिलिमीटरचा आणि तोही साठ गोळ्यांत वाटलेला. त्या पातळीवर रायफलीतला केसाएवढा फायदाही पैसे वसूल करतो. जिल्हा पातळीवर ५६०–५७० करणाऱ्या मुलाचे गुण तिथे अडलेलेच नसतात.

बीजिंगही आठवा. २००८ च्या अंतिम फेरीआधी अभिनव बिंद्राने सरावाची गोळी मारली तर चार पडला, साइट (नेम धरायचा भाग) हललेली होती. हातात होती ती काही मिनिटं. त्यात त्याने साइट परत जुळवली, शेवटची गोळी १०.८ मारली आणि ७००.५ गुणांनी सुवर्ण आणलं. रायफल जगातली कितीही भारी असो, त्या मिनिटांत तिच्या स्क्रूला किती क्लिक द्यायचे हे तिच्या मालकालाच ठाऊक हवं.

आयुष्यभराची गोष्ट तर साफ चूक. हवेच्या सिलिंडरला कंपनीने दिलेली मुदत असते, सहसा १० वर्षं, आणि मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही. सील बदलावे लागतात. शिवाय मूल वाढतं. सातवीत बेताची वाटणारी रायफल दहावीत अपुरी पडते आणि नेमबाजीचं जाड जॅकेट तर त्याहून आधी.

पैसे असतील तर ते पॅलेटला ठेवा. रोज १०० गोळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०,००० पॅलेट, म्हणजे ५०० चे ६० डबे. तीन लाखांची रायफल घेतल्यावर पॅलेट पुरवून पुरवून वापरणारी घरं मी पाहिलीत. त्या मुलांच्या हातात सगळ्यात महागडी रायफल असते आणि सगळ्यात कमी सराव. दुसरा खर्च जॅकेट-पँटचा, कारण कंबर आणि पाठ त्यावर तोलली जाते. तिसरा, वेगवेगळ्या बॅचची पॅलेट व्हाइसवर मारून बघण्याचा. बॅच बदलली की त्याच रायफलीचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, लहान-मोठा होताना तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

महाग रायफल कधी घ्यायची हेही तोच व्हाइस सांगतो. मुलाचा खांद्यावरचा ग्रुप व्हाइसच्या ग्रुपच्या जवळ आला, की रायफल त्याला मागे ओढायला लागली असं समजा आणि बेलाशक खर्च करा. त्या मुलीचे दोन्ही कागद तारीख घालून मी कपाटाच्या दारावर चिकटवलेत. दर तीन महिन्यांनी शेजारी नवा कागद लागतो. परवाचा तिचा ग्रुप दोन रुपयांच्या नाण्याखाली पहिल्यांदा मावला. रायफल क्लबचीच आहे.