‘कंप्युटरच्या पोरांना भाषाशास्त्र कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की एआय आता भाषा आपोआप शिकतं, भाषाशास्त्र हा आर्ट्सवाल्यांचा विषय, इंजिनिअरिंगच्या पोरांनी त्यात वेळ घालवू नये, आणि आपली सीमाभागातली मराठी तर धड मराठी नाही धड कन्नड नाही, तिचा अभ्यास काय करायचा. मी इथंच पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, वाचून गप्प बसवेना.

आर्ट्सवाल्यांचा विषय म्हणता, तर कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पेपराला घोकता ते कॉन्टेक्स्ट फ्री ग्रामर (वाक्य कशाकशाचं बनतं त्याचे नियम) कुठून आलं बघा. नोम चॉम्स्की हे भाषाशास्त्रज्ञ, माणसाच्या भाषेचं वर्णन नियमांत कसं बसवायचं हे शोधताना १९५६ च्या पेपरात त्यांनी ते मांडलं. पुढं अल्गोल ६० ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं व्याकरण बॅकस-नाऊर ह्या नियम लिहायच्या पद्धतीनं लिहिलं गेलं, आणि १९६७ मध्ये इंगरमन ह्या कंप्युटरवाल्यानं तर त्या पद्धतीला संस्कृतचं व्याकरण लिहिणाऱ्या पाणिनीवरून पाणिनी-बॅकस म्हणावं असं सुचवलं होतं. म्हणजे हा विषय आपल्या सिलॅबसात आधीपासून आहे, फक्त नाव सांगत नाहीत.

आता ‘आपोआप शिकतं’. मेसेजात आयबीएम कंपनीत बोलणं ओळखणाऱ्या सिस्टिमवर काम केलेल्या फ्रेडरिक येलिनेक यांच्या नावावरचं ते वाक्य दिलंय, भाषाशास्त्रज्ञाला काढलं की सिस्टिम सुधारते म्हणून. पण त्यांनीच २००४ साली दिलेल्या भाषणाचं नाव ‘माझे काही जिवलग मित्र भाषाशास्त्रज्ञ आहेत’ असं होतं, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि मशीन शिकतं ते मिळेल त्या मजकुरातून. इंग्रजीचा ढीग पडलाय, आपण घरी बोलतो ती मराठी मात्र लिहूनच फारशी ठेवलेली नाही, मग शिकणार कशावरून?

मी वर्गात पहिल्या दिवशी एकच काम देतो, ‘बेळगाव’ हा शब्द उलटा करून दाखवा. पोरं दोन मिनिटांत कोड लिहितात आणि स्क्रीनवर येतं ‘वागळेब’. बची मात्रा उडून ळवर बसली! यायला पाहिजे होतं ‘वगाळबे’. लांबी विचारली तर प्रोग्रॅम सहा सांगतो, आपण मोजतो चार. मग अक्षर म्हणजे नेमकं काय, स्वर वेगळा धरायचा की व्यंजनासोबत, हा प्रश्न पोरंच विचारतात, आणि तिथून भाषाशास्त्र सुरू होतं, पुस्तक उघडायच्या आधीच.

सगळ्यात जास्त लागलं ते ‘धड मराठी नाही’ हे. आमच्याकडं बाया-पोरीसुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, कोल्हापूरकडंही म्हणतात. पुण्याकडची माणसं हसतात. पण कन्नडात बघा, बाई म्हणू दे नाहीतर बुवा, ‘नानु बंदे’च. मी म्हणताना क्रियापदाला लिंग नाही. पिढ्यानपिढ्या दोन्ही भाषा एकाच उंबऱ्यावर बोलल्या गेल्या तर असं होणारच, ह्याला चूक म्हणत नाहीत. सांगलीजवळच्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन ह्या संशोधकांनी १९७१ मध्ये लेख लिहिला, तिथं मराठी, कन्नड, उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आलेली की शब्दाला शब्द ठेवून वाक्य दुसऱ्या भाषेत जायचं. बाहेरच्या देशातले लोक येऊन हे अभ्यासतात आणि आपण त्याला अशुद्ध म्हणून मोकळे होतो, हे मला खरंच पटत नाही.

हे प्रोग्रॅमरच्या कामाचं कसं, तेही सांगतो. माझ्या वर्गातली खानापूरची पोरगी फोनवर बोलली, ‘आई, मी पोचलो’. भाषांतराच्या ॲपनं हिंदी केलं ‘मैं पहुँच गया’. पोरीचा पोरगा झाला. जास्त डेटा ओतून हे सुटत नाही, कारण डेटा पुण्याकडच्या लिखाणाचा. कुणीतरी बसून इथल्या मराठीचा नियम काय आहे तो आधी ओळखायला पाहिजे.

राहिला वेळेचा मुद्दा. सेमिस्टरला पाच-सहा तास पुरतात, वेगळा पेपर नको. ह्या शनिवारी पोरांना सांगितलंय, घरी आजी-आजोबा बोलतात ती दहा वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा, सुधारू नका. मग ‘करत आहे’ला कोण ‘करायलाय’ म्हणतं, कोण ‘करालाय’, कोण ‘करतंय’, ते वेगळं काढायचं आणि सगळी रूपं ओळखणारं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरात शब्द शोधायचा साचा, लिहायचं. मेसेज लिहिणाऱ्यानंही यावं, मागचा बाक मोकळा आहे.